आम्ही लिहून घेतलेली जात कुठे आहे? जनगणना आयुक्तांना एक खुलं पत्र

प्रति,
मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

मी बीड जिल्ह्यातली निवृत्त ग्रामसेविका. २०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होते आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातही होते. माणसांच्या दारात बसून मी त्यांना त्यांची जात विचारली, त्यांनी ती सांगितली आणि आम्ही ती नोंदवून घेतली. त्या नोंदींचा आकडा आजपर्यंत बाहेर आलेला नाही. आता फेब्रुवारी २०२७ मध्ये तोच प्रश्न घेऊन लाखो प्रगणक पुन्हा दारोदार जाणार आहेत. त्याआधी मला आपल्याशी बोलायचं आहे, आणि चारचौघांसमोर बोलायचं आहे. मी ज्यांना शब्द दिला होता, त्यांची तक्रार आपल्या टेबलापर्यंत कधी पोचणार नाही.

मी वडार समाजातली. वडील खाणीवर दगड फोडायचे, आई पाट्या वाहायची. आजोबांचं नाव पोलीस पाटलाच्या वहीत होतं. मुक्काम हलवायचा तर आधी तिथे जाऊन सांगायचं, नव्या गावात पोचल्यावर तिथल्या पाटलाकडे हजेरी द्यायची. गुन्हेगार जमातींचा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. आमच्याकडे हा दिवस अजून विमुक्त दिन म्हणून पाळतात. हजेरी होती तोवर आमच्यातली बायामाणसं, पोरंबाळं सरकारला तोंडपाठ होती. हजेरी गेली, आणि महाराष्ट्रात वडार किती, कैकाडी किती, वैदू किती, हे सांगणारा एकही पक्का आकडा त्यानंतर कुणी काढला नाही.

आता ज्या पालांवर मी शब्द दिला, तिथली गोष्ट सांगते.

थंडीचे दिवस होते. गावाबाहेरच्या माळावर डवरी गोसाव्यांची सात-आठ पालं उतरली होती. माझ्यासोबत तालुक्याकडून दिलेला ऑपरेटर, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, हातात टॅबलेट. मी विचारायचं आणि तो कानावर पडेल तसं टाइप करायचा. पहिल्या पालात एक म्हातारी तीन दगडांच्या चुलीपाशी बसलेली. जात विचारली तर म्हणाली, "आमी डवरी." शेजारच्या पालात तिचा थोरला मुलगा. तो म्हणाला, "नाथजोगी." त्याच्या पलीकडे धाकटा. त्यानं गळ्यातली माळ दाखवली आणि म्हणाला, "गोसावी लिवा." थोरल्याचा पोरगा आश्रमशाळेत सहावी-सातवीपर्यंत गेलेला. त्यानं पत्र्याच्या पेटीतून दाखला काढून आणला, त्यावर जात होती भराडी. एका आईची लेकरं आणि नातू, आणि टॅबलेटमध्ये चार जाती!

ऑपरेटर माझ्याकडे बघायला लागला. "मॅडम, काय टाकू?" आम्हाला प्रशिक्षणात याचं उत्तर दिलेलं नव्हतं. मी तालुक्याला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "सांगतील तसं टाका." त्यानं सांगतील तसं टाकलं. मला ठाऊक होतं की राज्याच्या यादीत नाथपंथी डवरी गोसावी हे नाव भराडी या जमातीत येतं आणि नुसतं गोसावी लिहिलं की ती वेगळी जमात होते. पण ते ठरवायचा अधिकार माझा नव्हता आणि ते नोंदवायला रकानाही नव्हता.

निघताना म्हातारीनं विचारलं, "आन हे लिवून काय हुनार गं बाई?" मी म्हणाले, "आजी, तुम्ही किती आहात ते सरकारला कळेल. कळलं की तुमच्या वाट्याचं काढून ठेवता येईल." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोलिसात तर न्हाई ना जायचं हे?" मी नाही म्हणाले.

या दोन वाक्यांची जबाबदारी मी घेतली होती, महोदय. दुसरं वाक्य खरं ठरलं. पहिलं खोटं पडलं.

२०१५ च्या जुलैमध्ये त्या सर्वेक्षणाची ग्रामीण भागाची आर्थिक माहिती जाहीर झाली. कुणाकडे पक्कं घर, कुणाकडे मोटारसायकल, कोण भूमिहीन, सगळं बाहेर आलं. जातीचे आकडे मात्र मागे ठेवले. नावांची वर्गवारी करायला तज्ज्ञ गट नेमायचं ठरलं, पण त्याचे सदस्यच नेमले गेले नाहीत आणि त्याची एकही बैठक झाली नाही. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, की ही माहिती वापरण्याजोगीच नाही. १९३१ साली देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या, या सर्वेक्षणात ४६ लाखांवर नावं आली. एकट्या महाराष्ट्रात ४ लाख २८ हजारांहून जास्त, जिथे सरकारी याद्यांतल्या जाती जेमतेम ४९४. आणि याचं कारण काय दिलं? प्रगणकांनी एकाच जातीची नावं वेगवेगळी लिहिली.

ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या ४ लाख २८ हजारांत माझ्या एका म्हातारीच्या घरच्या चार आहेत. त्या आम्ही चुकून लिहिल्या नाहीत. आम्हाला तसंच लिहायला सांगितलं होतं. सर्वेक्षणाआधी जातींच्या नावांची पक्की यादी तयार केलेली नव्हती, हे त्याच प्रतिज्ञापत्रात सरकारनं मान्य केलं आहे. यादी न देता हजारो माणसांना रानोमाळ पाठवायचं आणि नावं जुळली नाहीत म्हणून दोष त्यांच्यावर टाकायचा, ही माझी आपल्याकडे पहिली तक्रार. मी पक्षाच्या राजकारणात पडत नाही. सर्वेक्षण एका सरकारनं सुरू केलं, आकडे दुसऱ्याच्या काळात अडकले. माणसं दोन्ही वेळा तीच होती.

दुसरी तक्रार, आकडा नसला की त्याच्या जागी काय येतं याची. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्या राज्यातलं स्थानिक स्वराज्य संस्थांमधलं इतर मागासवर्गीयांचं सरसकट २७ टक्के आरक्षण रद्द ठरवलं. स्वतंत्र आयोग नेमा, मागासलेपणाची प्रत्यक्ष माहिती गोळा करा, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, या तीन अटी घातल्या. माहिती केंद्राकडे पडून होती, राज्यानं मागितली, मिळाली नाही. मग २०२२ मध्ये, राज्यानं याच कामासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाच्या वेळी, मतदार यादीतल्या आडनावांवरून जात ओळखली जात असल्याची ओरड झाली. वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांनी त्याविरुद्ध जाहीर आवाज उठवला. आडनावावरून जात! माझ्या गावात जाधव मराठा आहेत, जाधव बौद्ध आहेत, तांड्यावर बंजारा जाधव आहेत आणि आमच्या वडारवाड्यात तीन घरं जाधवांची आहेत. पारध्यांमध्ये भोसले, काळे, पवार, शिंदे, चव्हाण सगळे सापडतात. तिकडे भंडारा-गोंदियाकडे पोवार ही एक जातच आहे, इकडे पवार हे आडनाव. हे ज्याला माहीत आहे तो माणूस आडनावांवरून कुणाचा वाटा ठरवायला धजणार नाही. या गोंधळात जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. मी ग्रामपंचायतीत आयुष्य काढलंय. वर निवडून आलेलं कुणी नसलं की साधा पाणंद रस्ताही कसा अडकून पडतो, ते मला कुणी सांगायला नको.

आणि देशात इतर मागासवर्गीय ५२ टक्के आहेत हा मंडल आयोगाचा अंदाजही १९३१ च्या जनगणनेवरच उभा होता. १९३१ साली माझा तालुका निजामाच्या राज्यात होता. त्या वर्षी जन्मलेलं माणूस आज पंचाण्णवच्या घरात असेल. १९४१ ला युद्धामुळे जातीचे तक्ते झाले नाहीत आणि १९५१ पासून अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्यांची जात विचारणं बंद केलं. बाबासाहेबांनी तेव्हाच, १९५५ साली, भाषावार राज्यांवर लिहिताना जातीचे तक्ते वगळल्याबद्दल नापसंती नोंदवली होती. काका कालेलकरांच्या पहिल्या मागासवर्ग आयोगानंही त्याच वर्षी १९६१ च्या जनगणनेत जात मोजा असं सुचवलं. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आणि इदाते या दोन्ही आयोगांनी तर आमच्या मोजणीसाठी कळकळीनं सांगितलं. इतक्या जाणत्या माणसांनी सांगून झाल्यावर ३० एप्रिल २०२५ ला जनगणनेत सगळ्यांची जात मोजायचा निर्णय झाला. निर्णय झाला याचा मला मनापासून आनंद आहे, हेही इथेच नोंदवते. पण आनंद पुरेसा नाही, कारण २०११ मध्येही निर्णय झालाच होता.

तिसरी गोष्ट फेब्रुवारी महिन्याची. ही आपल्या लक्षात आली आहे की नाही, मला शंका आहे. १ मार्च २०२७ ही आपली संदर्भ तारीख, म्हणजे मोजणी फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आमचा जिल्हा अर्धा रिकामा असतो. दिवाळी झाली की ऊसतोडीचे कोयते, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोड्या, निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. वंजारी, बंजारा, दलित, पारधी, सगळ्यांतली माणसं तेव्हा कारखान्यांच्या उसाच्या फडात कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, बांधून राहतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि थेट कर्नाटकात. पहाटे चारला फडात गेलेली बाई अंधार पडल्यावर कोपीत येते. प्रगणक दुपारी अकराला गेला तर त्याला तिथे एखादी आजी आणि दोन तान्ही पोरं भेटतील. गावाकडच्या घराला कुलूप असेल. मोजणी नक्की कुठे होणार? कर्नाटकातल्या फडावर वंजारी हे नाव तिथल्या प्रगणकाच्या यादीत असेल का? बेघर आणि पालांवरच्या लोकांचं तर विचारूच नका. २०११ ला त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकायची होती. त्या रात्री मी स्वतः बसस्टँडवर आणि पुलाखाली बॅटरी घेऊन फिरले आहे. झोपलेल्या माणसाला उठवून वय विचारलं तर तो आधी गाठोडं छातीशी धरतो. त्याला जात विचारायची असेल तर एक रात्र पुरणार नाही.

चौथी, एका अक्षराची. आपण दिल्लीत बसता, तिथून हे बारीक दिसत असेल. अनुसूचित जमातींच्या यादीत धनगड आहे, आणि धनगर म्हणतात ते आम्हीच; आमच्याकडे या दोन शब्दांमधल्या र आणि ड वर मोर्चे निघाले, उपोषणं झाली, उच्च न्यायालयापर्यंत खटले गेले. असं असताना मोबाइल अ‍ॅपमध्ये नाव शोधताना प्रगणकाचं बोट वरच्या ओळीवर पडलं की खालच्या, यावर एका जमातीचा आकडा फिरू शकतो. त्यातही जातीचं नाव आणि जातीचा प्रवर्ग हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आहे, बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातीत. बंजारा इथे विमुक्त, तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात. माझी सख्खी मावशी विजापूरकडे दिली, तिची मुलं तिकडे अनुसूचित जातीत आहेत आणि मी इकडे विमुक्त जाती अ मध्ये. आजोबा एकच. आपण आधी प्रवर्ग विचारून मग नाव विचारणार असाल, तर अर्धी माणसं पहिल्याच पायरीवर चुकतील. जनगणनेच्या पहिल्या टप्प्यातल्या, घरयादीच्या ३३ प्रश्नांत आपण कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा, अनुसूचित जमातीचा की इतर, एवढंच विचारलं आहे. आम्ही तिथे 'इतर' झालो. दुसऱ्या टप्प्यातही 'इतर' राहिलो तर काय मोजलं?

जात विचारूच नये असं म्हणणारेही माझ्या घरात आहेत. माझ्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं. जावई म्हणतात, विचारलं की जात घट्ट होते, आमच्या मुलाला काय लिहायचं? त्यांची चिंता मला खरी वाटते, ती मी झटकून टाकणार नाही. पण मी तीस वर्षं गावात नोकरी केली. गावात जात विचारायला जनगणना लागत नाही. कोणता हापसा कुणाचा, स्मशानभूमीचा रस्ता कुठल्या वस्तीला नाही, पालं उठवा म्हणून ग्रामसभेत कुणाच्या नावानं ठराव येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. सरकारच्या कागदावर तेवढं ते नसतं, आणि कागदावर नाही म्हणून निधी नाही. जावयांच्या मुलासाठी 'जात मानत नाही' असा स्वतंत्र पर्याय जरूर ठेवा. तो रिकाम्या सोडलेल्या रकान्यात मिसळू नका, म्हणजे जात नाकारणारे किती हेही कळेल. तो आकडा बघायची मला फार उत्सुकता आहे.

बिहारनं राज्यापुरती मोजणी केली, प्रत्येक जातीला सांकेतिक क्रमांक दिला आणि २ ऑक्टोबर २०२३ ला आकडे लोकांसमोर ठेवले. अतिमागास ३६ टक्क्यांवर, हे देशाला तेव्हा कळलं. त्याच्या उलट कर्नाटकात २०१५ साली झालेलं सर्वेक्षण दहा वर्षं बासनात राहिलं आणि शेवटी पुन्हा नव्यानं करायचं ठरलं. आपण यातली कोणती वाट धरणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

जातींच्या नावांची यादी, पोटजाती, बोलीतली नावं आणि क्षेत्रानुसार बदलणारे प्रवर्ग यांसह, मोजणीच्या आधी जिल्हावार मराठीत प्रसिद्ध करा आणि हरकतींसाठी किमान दोन महिने द्या. वडारांमध्ये गाडी वडार, माती वडार, जाते वडार ही नावं चालतात, ती सगळी एका क्रमांकाखाली यायला हवीत आणि तरीही पुसली जाता कामा नयेत. भटक्यांची नावं तपासायची असतील तर कार्यालयात बैठक घेऊन भागणार नाही. मढीला कानिफनाथाच्या यात्रेत पिढ्यान्‌पिढ्या या जमाती जमत आल्या आहेत, जेजुरीला जमतात. तिथे माणसं पाठवा.

अ‍ॅपमध्ये आधी जातीचं नाव नोंदवा, माणूस सांगेल तसं, आणि प्रवर्ग नंतर कार्यालयानं ठरवावा. यादीत नाव सापडलं नाही तर 'इतर' वर बोट ठेवून पुढे जाण्याची सोय ठेवू नका. तिथे सांगितलेलं नाव, भाषा आणि पारंपरिक काम लिहायला जागा द्या. विमुक्त आणि भटक्या जमातींना स्वतंत्र ओळख-क्रमांक द्या, मग त्या कोणत्याही राज्यात कोणत्याही प्रवर्गात असोत.

ऊसतोडीच्या कोप्या, वीटभट्ट्या, पालं, रस्त्याच्या कामांवरचे तळ यांच्यासाठी वेगळे प्रगणक, संध्याकाळची वेळ आणि एकापेक्षा जास्त दिवस ठेवा. शक्य तिथे त्या समाजातली शिकलेली पोरं सोबत घ्या. पालावर ओळखीचा चेहरा असला की पोलिसांची भीती निम्मी कमी होते.

लोकांना खरं सांगा. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ नुसार ही वैयक्तिक नोंद गुप्त राहते आणि ती पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. म्हणजे इथे सांगितलेल्या जातीवरून पोलीस येणार नाहीत आणि जातीचा दाखलाही मिळणार नाही. आमच्याकडे विमुक्त-भटक्यांना दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि पालात राहणाऱ्याकडे तो नसतो. त्याला वाटणार की आज लिहून घेतलं, आता दाखला मिळेल. ती खोटी आशा प्रगणकाच्या तोंडून जाऊ देऊ नका. मी एकदा तसं बोलून बसले आहे.

आकडे जाहीर करायची तारीख मोजणीच्या आधी राजपत्रात छापा. जातवार तक्ते तालुक्याच्या पातळीपर्यंत द्या, शिक्षण, जमीन आणि रोजगाराच्या माहितीसह. नुसती डोकी मोजून आमचं भागत नाही.

आणि २०११ च्या नोंदींचं काय झालं ते सांगा. नावं जुळवायची राहिली असतील तर ती जुळवायचं काम अजूनही होऊ शकतं. ते करायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहून द्या, कारणांसह, आणि त्यात प्रगणकांवरचा ठपका मागे घ्या.

त्या पालावरची म्हातारी आता नाही. दाखला काढून दाखवणारा तिचा नातू आता दोन मुलांचा बाप आहे, मोबाइलचे कव्हर विकत बाजार करतो. गेल्या पोळ्याला तो मला तालुक्याच्या बाजारात भेटला. जनगणनेची बातमी त्यानं ऐकली होती. म्हणाला, "ताई, औंदा काय सांगू? डवरी, गोसावी का भराडी?" मी त्याला म्हणाले, विचारून सांगते.

तेच आपल्याला विचारते आहे. उत्तर मराठीत पाठवावं, म्हणजे मला ते त्याच्या पालावर जाऊन वाचून दाखवता येईल.

आपली,
एक निवृत्त ग्रामसेविका, जिल्हा बीड
(प्रगणक, २०११)